वरच्या मजल्यावरची गाडी

सामान टेम्पोने गेलं होतं, माणसं ट्रेनने जाणार होती आणि गाडी तेवढी ट्रकवरून. ती न्यायला सकाळी सातला ड्रायव्हर येणार, म्हणून काका जेवून तपासणीला आले होते. गाड्या चढवण्या-उतरवण्याच्या यार्डात त्यांनी एकतीस वर्षं मुकादमकी केली होती. त्यांनी टॉर्च मारून पुतणीच्या गाडीवरचे ओरखडे कागदावर मांडले, चारी बाजूंनी फोटो काढायला लावले, टाकीत पावच पेट्रोल ठेवलंय ना ते पाहिलं आणि डिकीतून बाळाचे तीन मोजे काढून दिले. तिन्ही वेगवेगळ्या जोड्यांचे.

वर आल्यावर सगळे उरल्यासुरल्या खोक्यांवर टेकले. बाळ नुकतंच झोपलं होतं. पुतणीला काळजी करायला एरवीही कारण लागत नसे, इथे तर ते आयतंच मिळालं होतं.

"काका, वाटेत गाडी घसरून पडली तर?"

"चाकांना पट्टे आवळतात, पोरी. हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये टाकून. गाडी कुठे जात नाही. भीती असते ती चालवणाऱ्याच्या डोळ्यांची."

"म्हणजे?" जावयाने विचारलं.

"तो दिवा घालवा आधी. बाळाच्या तोंडावर येतोय."

दिवा गेला. काका अंधारात जरा हळू बोलू लागले.

"आमच्याकडे एक ड्रायव्हर होता. त्याला सगळे जागल्या म्हणायचे. दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा लावायचा नाही, आणि वर मिजास अशी, की झोप म्हणजे बिनकामाच्या लोकांचा धंदा. गेल्या जानेवारीतली गोष्ट. एकवीस तारीख, मंगळवार. आठ गाड्या घेऊन तो परत निघाला होता. त्यातली पहिली गाडी एका बाईंच्या दारातून उचललेली. तपासताना त्याला बॉनेटचा रंग जरा वेगळा वाटला. विचारलं, तर बाई म्हणाल्या, 'नवीन बसवलंय. हे रात्रपाळीहून घरी येत होते. डोळा लागला... गाडी झाडावर गेली. हे गेले. आता दिराकडे पाठवतेय. दारात बघवत नाही.' जागल्याने कागदावर तेवढं लिहून घेतलं, किल्ली पिशवीत टाकली आणि गाडी वरच्या मजल्यावर चढवली. अगदी पुढे, आपल्या केबिनच्या डोक्यावर."

"तिथेच कशाला?"

"पहिली चढते ती सगळ्यात पुढेच जाते. पण त्या दिवशी त्याला घाई होती गं. दुसऱ्या दिवशी नऊला त्याच्या बायकोचं ऑपरेशन. पोटात गाठ होती. 'तू हात धरलास तरच आत जाईन,' असं ती म्हणाली होती. हा दोन रात्रींचा जागा, अंग नुसतं आंबलेलं. मी फोनवर म्हटलं, तासभर आडवा हो. म्हणतो, 'मुकादम, आडवं उद्या तिला व्हायचंय, मला नाही.'

"पावणेदोनला त्याची पहिली डुलकी. आणि हॉर्न वाजला. लांबलचक. दचकून आरशात बघतो, तर मागे रस्ता मोकळा. पुढेही कोणी नाही. दहा मिनिटांनी पुन्हा पापणी मिटली... पुन्हा हॉर्न. आता कळलं, आवाज डोक्यावरून येतोय.

"थांबला. वर चढला. गाडीला कुलूप. आत कोणी नाही. थंडीने वायर कुठेतरी चिकटली असेल म्हणाला. किल्ली आणून बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर काढली, कुलूप लावून खाली आला. असं काही केलं की यार्डात कळवायचं असतं, म्हणून मला फोन लावला. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी म्हटलं, फोन ठेवू नकोस, बोलत राहा."

जावयाने खोकं उगाच पुढे सरकवलं.

"बोलत होता. बायकोबद्दलच. मग शब्द लांबायला लागले. मग नुसतं इंजिन... मी हाका मारतोय. जागल्या. अरे जागल्या. काही नाही.

"आणि मग हॉर्न."

"फोनवर?" पुतणीने विचारलं.

"मी या कानाने ऐकला. थांबेचना. मग ब्रेक. मग काहीच नाही... बऱ्याच वेळाने तो म्हणाला, 'मुकादम, डावं चाक खडीवर आहे. खाली कालवा आहे.'"

पुतणीने बाळाच्या अंगावर हात ठेवला.

"त्यानंतर त्याने चावी फिरवली नाही. इतकी वर्षं झोपेला हसणारा माणूस, बायकोला फोन करून म्हणाला, मी वेळेत पोचत नाही. झोपायला लागेल. ती म्हणाली, 'झोप मेल्या. पोट माझं फाडणार आहेत, तुझं काय काम तिथे?' पण फोन ठेवताना रडली म्हणे. आणि हा स्टिअरिंगवर डोकं ठेवून उजाडेपर्यंत झोपला. हॉर्न एकदाही वाजला नाही."

"ऑपरेशन?"

"झालं. त्याच्याशिवाय झालं. तो साडेदहाला यार्डात आला, किल्ल्या माझ्या हातात दिल्या, तसाच धावत सुटला. शुद्धीवर आली तेव्हा हात धरायला होता. तेवढं जमलं त्याला."

पुतणीने श्वास सोडला. काकांनी सोडला नाही.

"गाड्या मीच उतरवल्या. ऊन चांगलं वर आलं होतं. सातही गाड्यांच्या काचा लख्ख. ती आठवी उतरवायला वर चढलो, तर तिच्या काचा पांढऱ्या. दव नव्हतं ते. हात फिरवून बघितला, बाहेरून काच कोरडी. वाफ आतून धरली होती... रात्रभर कोणी आत श्वास घेत बसलं की धरते, तशी."

"काका, पुरे," जावई म्हणाला.

"फक्त समोरच्या काचेवर, स्टिअरिंगच्या बरोबर पुढे, तळहाताएवढी जागा स्वच्छ होती. रस्ता दिसावा म्हणून आपण पुसतो ना... तशी. आणि पुसलेल्या कडेवरून एक थेंब... मी बघत असतानाच खाली निघाला."