मालुआक्काची माहिती

शहापुरात आमची साड्यांची पेढी. मागच्या बाजूला माग, पुढं दुकान, निपाणीला नि सदलग्याला एकेक शाखा. मी भावकू, इथला वायरमन. थापाड्या म्हणून मला अख्खी गल्ली ओळखते. पण वायरीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. शॉक बसतो.

गेल्या वर्षी मालक मारुतीरावांनी जुना टेलिफोन बोर्ड काढायचं ठरवलं. फोन, मेसेज, मीटिंग, सगळं एका ॲपात. आखणीला वडगावची रचना आली. हुशार पोरगी. तिच्या आराखड्यात ऑपरेटरची जागाच नव्हती.

ऑपरेटर म्हणजे मालुबाई. सगळ्यांची आक्का, माझी नुसती मालू. आम्ही दोघं बेळगुंदीचे, एका वर्गातले. फोन जोडायच्या आधी ती सांगायची, "सुबरावअण्णा मागावर हायत, मोठ्यानं बोला, कान गेल्यात." "निपाणीचे परशराम पूजेला बसल्यात, अर्ध्या तासानं करा." सदलग्याचा फोन असला की हेच कन्नडात. घरी तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

"मला घालवू नगा," ती मालकांना म्हणाली.

"आक्का, तुम्हाला ठाऊक हाय ते समदं रचनाला सांगा. मग तुम्ही हितंच. माझा शब्द."

तीन दिवस मालू सांगत होती, रचना टाईप करत होती. कोण कधी जेवतं, कुणाला सकाळी छेडायचं नाही, कुणाचं कुणाशी वाकडं.

दुसऱ्या दिवशी सुबराव येऊन, "काय आक्का, बरं हाय न्हवं?" विचारून गेला. मालू हसली. तो गेल्यावर मला म्हणाली, "कोण रं ते?"

मला वाटलं, माझीच विद्या माझ्यावर चालवतेय.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बेळगुंदी कुठंशी आली?"

"मालू, तुझं माहेर गं."

"असंल."

डॉक्टरांना दाखवलं. डोक्याचे सगळे रिपोर्ट चांगले. रचना म्हणाली, "ताण असणार, अण्णा."

सोमवारी नवी यंत्रणा सुरू झाली. स्वागताला कंपनीकडून आलेला तयार आवाज होता, कुणा शहरी बाईचा. दहा वाजता निपाणीहून परशरामांचा फोन. "रचना, लई ब्येस केलंस बघ, आक्काचाच आवाज ठेवलास! आज पूजा लवकर उरकली, ते बी तिला ठाऊक."

रचनानं स्वागताची फाईल लावून बघितली. शहरी बाईच बोलत होती.

"अण्णा, मी आक्कांचा आवाज कधी घेतलाच नाही," ती म्हणाली. "बंद करा हे."

मी स्वतः वायर उपसली. फोनचा दिवा गेला.

मालकांनी शब्द पाळला होता. मालू आपल्या स्टुलावर बसलेली. मी तिच्यापुढं चहा ठेवला, त्याच बंद फोनचा रिसीव्हर उचलला आणि ऑपरेटरचं शून्य दाबलं.

"बोल रं, भावकू."

समोर मालूचे ओठ मिटलेले.

"मालू?"

"हितं बरं हाय. दिवसभर माणसं बोलत्यात."

मी उपसलेल्या वायरीकडं बघितलं.

"एक ऐक. ती समोर बसलीया न्हवं, तिच्या चहात साखर घालू नगंस. डायबेटीस हाय तिला. दोन वरसं कुणाला बोलले न्हाय मी. आता तिला बी ठाऊक न्हाय."

मी रिसीव्हर ठेवला.

मालूनं कप माझ्यापुढं सरकवला. परक्या माणसाशी हसावं तशी हसली.

"अहो, अजून एक चमचा घाला की."