लांबलेली मोजणी

"अहो बाई... ती झेंडी जरा धराल का?"

मनस्विनी झपझप एसटीच्या थांब्याकडे निघाली होती, रत्नागिरीला टायपिंगच्या क्लासला. हाक ऐकून थबकली. हाक तरी कसली, विहिरीतून बेडकाने भीत भीत विचारावं तसा आवाज. बघते तर सड्याच्या, त्या उघड्या कातळमाळाच्या, टोकाला, काजूखाली, तीन पायांवर ठेवलेली एक फळी, फळीवर कागद नि एक पितळी पट्टी, आणि मागे एक उंच, सडसडीत तरुण. उन्हाने की लाजेने कोण जाणे, कान लालबुंद.

"शिपाई तंबाखू आणायला गेला तो गेलाच," तो म्हणाला. "एक मिनिट फक्त."

मार्गशीर्षातली सकाळ होती. खाली समुद्रावर धुकं असं पसरलेलं, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते देवालाही सांगता आलं नसतं. कलमं नुकती मोहोरलेली, वारा सुद्धा पेंगुळल्यासारखा वाहत होता. अशा सकाळी एसटी चुकली म्हणून कुणी रडत नाही. मनस्विनीने दगडात रोवलेली झेंडी उचलली.

"थोडं डावीकडे... अजून थोडं... हां. आता हलू नका."

त्याने पितळी पट्टीच्या फटीला डोळा लावला. लावला तो लावलाच. वारा आला, ओढणी उडाली, मनस्विनीने ती दाताखाली धरली... तरी त्याचा डोळा पट्टीवरच.

"अहो, झालं का?"

"नाही... अजून."

"झेंडी बघताय की झेंडीवाली?"

फळी डगमगली. तिच्यावरची पेन्सिल घरंगळत थेट मनस्विनीच्या पायाशी आली. ती पेन्सिल घ्यायला तो आला तेव्हा नाव कळलं — शार्दूल. मोजणी खात्यातला, चारच दिवसांसाठी गावात आलेला.

"शार्दूल म्हणजे वाघ ना?"

"हो."

"बारशाच्या आधी तुम्ही रडलाच नसणार. नाहीतर आईवडिलांनी दुसरं काहीतरी ठेवलं असतं."

तो हसला. आवाज न करता, फक्त डोळ्यांनी. आणि टायपिंगचा क्लास त्या दिवशी बुडाला.

मनस्विनीचं बोलणं म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. एसटी स्टँडवर ती बोलायला लागली की देवरूखच्या गाडीचा ड्रायव्हर सुरू केलेलं इंजिन बंद करून ऐकत बसायचा. चिमामावशीची म्हैस आठ दिवस दूध देईना, तर ही गोठ्यात जाऊन तासभर तिच्याशी बोलली. म्हशीनं एवढं दूध दिलं, की त्याचा चहा अख्ख्या वाडीने दोनदा प्याला. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

पण बाबांना हे कुठे पटायला. "तोंडाने पोट भरत नाही, मनू," ते म्हणायचे. बी.कॉम. झालेल्या पोरीला कुठे लावायचं याचा त्यांना घोर. शेवटी आतेच्या दिराने डोंबिवलीहून निरोप धाडला, त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर आकडे भरायला माणूस हवा आहे. कोकण रेल्वे आता दारात आली होती. शिमगा झाला की मनूला गाडीत बसवायची, असं ठरलं सुद्धा. दिवसभर पडद्याकडे तोंड करून गप्प बसायचं... ते आठवलं की मनस्विनी अजूनच बोलत सुटायची. बोलण्याचं काम तिला कुणी सुचवत नव्हतं, आणि दुसरं काही तिला येत नव्हतं.

शार्दूल मोजायला आला होता ती जमीन दत्तूकाका आणि रावजीकाका या दोघा सख्ख्या भावांची. रावजीला घर बांधायचं होतं, म्हणून त्याने मोजणी मागवली. आणि दत्तूकाका हद्दीच्या दगडावर बसून राहिला. उठेना, हद्द दाखवेना. एक तप झालं, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचं तर बैलाला सांगायचे. "ढवळ्या, सांग त्या माणसाला, हद्दीवरच्या गडग्याच्या एका दगडाला हात लावू नको म्हणून." मग इकडून, "ढवळ्या, त्यांना सांग, गडगा काय त्यांच्या सासऱ्याने घातला?" बैल बिचारा या बाजूला बघ, त्या बाजूला बघ. शेवटी त्याची मान वाकडीच राहिली.

शार्दूल कागद धरून मधे उभा. माणसांशी बोलायची वेळ आली की तो पेन्सिलीला टोक करत बसायचा.

मनस्विनी दुसऱ्या दिवशी आपण होऊन आली. दगडाशेजारी फतकल मारून बसली, दत्तूकाकांना यंदाच्या मोहोराचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं, मुंबईच्या मुलाचं विचारलं. जमिनीचं नावसुद्धा काढलं नाही. तासाभराने म्हातारा आपणच म्हणाला, "मोठा मी ना गो? काम काढलं तर जागेवाल्याला नारळ कोणी ठेवायचा? बारा वर्षांमागे गोठा बांधला तेव्हा नाही, आता घर काढतोय तेव्हाही नाही, मला एका शब्दाने तरी विचारलं?"

असं होतं ते. चार हात जमिनीचं नव्हतंच. नवं काम काढताना जागेच्या देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा, घरच्यांसाठी मागणं मागायचा मान थोरल्याचा, आणि रावजी ते दोन्ही वेळा विसरला होता. एका नारळाने सगळं मिटलं असतं.

मनस्विनीने ते ओळखलं... आणि गप्प बसली.

कारण मिटलं म्हणजे मोजणी झाली, आणि मोजणी झाली म्हणजे शार्दूल चालला राजापूरला, पुढच्या कामावर. मग तिने विरजणाला दही राखावं तसं रोज थोडं थोडं भांडण राखून ठेवलं. एका भावाला शांत केलं की दुसऱ्याला हळूच जुनं काहीतरी आठवून द्यायची. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे बारा. ती झेंडी धरायची, तो पट्टीतून बघायचा. दुपारी काजूखाली डबा उघडायचे. त्याच्या डब्यात खानावळीची वाळकी चपाती, तिच्या डब्यात कुळथाची पिठी, आणि तिचं बोलणं तोंडी लावायला.

"तुम्ही इतकं कमी बोलता, घरी भाजीत मीठ नसलं तर काय करता?"

"तशीच खातो."

"आणि काही हवं असलं तर?"

तो समुद्राकडे बघायला लागला. "तर... बघत बसतो," म्हणाला.

मनस्विनीने डब्यातली उरलेली पिठी सगळी त्याच्या चपातीवर ओतली. तिचं तिलाच नवल वाटलं.

एका दुपारी अवचित आभाळ भरून आलं. मोहोराच्या दिवसांत पाऊस म्हणजे कोकणात काळजात धस्स. दोघं काजूच्या बुंध्याला टेकून उभी राहिली, खांद्याला खांदा लागत नव्हता एवढंच. पानांवरून थेंब तिच्या मनगटावर पडला, त्याने बोट पुढे केलं... आणि मागे घेतलं. तेवढ्यात समोर काहीतरी हललं. दत्तूकाका. गुडघ्याचं दुखणं विसरून म्हातारा रावजीच्या खळ्याकडे धावत होता. रावजी बाजाराला गेलेला, खळ्यात त्याची सुपारी वाळत घातलेली. काकांनी ताडपत्री ओढली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, कुणी बघितलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि भिजत परत गेले.

मनस्विनीचा चेहरा उतरला. "मी फार वाईट आहे हो," ती म्हणाली आणि नारळाचं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी राखून ठेवलं, म्हणाली. का, ते मात्र सांगितलं नाही. मान खाली घातली, बस्स.

शार्दूलचे कान पेटले. "मग मी पण सांगतो... माझा नकाशा मागच्या सोमवारीच खात्याच्या जुन्या नकाशावरून जुळला होता. रोज पुसून परत काढतोय."

पाऊस थांबला होता. मनस्विनीने भिजलेली झेंडी पिळली.

"उद्या मिटवते मी," शेवटी ती म्हणाली. "मग तुम्ही जाल."

"हो."

"आणि मी डोंबिवलीला."

"नको," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत त्याचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदा निघाला. मग हळू, अडखळत म्हणाला, की रत्नागिरीच्या कोर्टात त्याने लोकअदालत पाहिली आहे. दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवून भांडणं मिटवतात. तिथे कायदा येणारे खूप असतात, पण माणसाला बोलतं करणारं कोणी नसतं. "तुम्ही वकिली शिका. हे तुमचंच काम आहे."

कुणीतरी आपल्या हातात आपलीच हरवलेली वस्तू आणून द्यावी, तसं मनस्विनीला झालं. "बाबांना कोण सांगणार?" तिने विचारलं.

"तुम्ही. तुम्हाला तर..."

"मी सांगेन ते त्यांना रोजचंच वाटेल. तुम्ही सांगा. आणि स्वतःचं काही असेल, तर तेही तुमचं तुम्हीच बोला. त्यात मी मदत करणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने रावजीकाकांच्या कानात चार शब्द घातले. रावजी सोललेला नारळ घेऊन दगडापाशी आला. बैलाकडे बघितलं नाही. "दादा, तू ठेव," एवढंच म्हणाला. दत्तूकाकांनी नारळ ठेवला, हात जोडले, गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्यात घरातल्या सगळ्यांची नावं घ्यावी लागतात. बायको, मुलं, नातवंडं... आणि मग म्हातारा अडला. "...आणि माझ्या रावजीला," शेवटी म्हणाला, "माझ्या रावजीला सुखी ठेव रे महाराजा." दोघेही रडले. ढवळ्याची मान त्या क्षणी सरळ झाली, हे अख्ख्या गावाने पाहिलं आहे.

दुपारपर्यंत हद्द आखून झाली. संध्याकाळी शार्दूल मनस्विनीच्या घरी आला. बाबा पडवीत झोपाळ्यावर होते. ती आत, दाराआड, ओठ दाताखाली दाबून.

बाबांनी काय काम काढलंत विचारलं. शार्दूलने तांब्याभर पाणी संपवलं. मग म्हणाला, "मनस्विनीला मुंबईला पाठवू नका. इथेच भांडणं मिटवायची वकिली शिकू द्या."

"भांडणं मिटवणारी वकील? खाणार काय ती?"

दाराआड मनस्विनीच्या जिभेच्या टोकावर दहा उत्तरं आली. तिने ती गिळली.

"काका, आज सकाळी..." शार्दूलचा आवाज फुटला, परत जुळला. "आज सकाळी तिने दोन घरांचं एक घर केलं. अशाला पैसे द्यायला लोक रांग लावतील. मी कितीतरी गावं मोजली. प्रत्येक गावात हिची गरज आहे."

झोपाळा थांबला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. आणि तुमचं काय?"

शार्दूलने रिकामा तांब्या पुन्हा तोंडाला लावला. बाहेर कुठेतरी पोफळीची झावळी पडली.

"मी थांबेन," शार्दूल म्हणाला. "तिचं शिक्षण होईपर्यंत. राजापुरात असेन... ती हो म्हणाली, आणि तुम्ही... तर."

बाबांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "मनू आत आहे आणि एवढा वेळ गप्प आहे," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे हो दिसतंय."

आतून शब्द आला नाही. फक्त स्टोव्हला हवा मारल्याचा आवाज आला, जरा जास्तच जोरात. आणि त्या संध्याकाळी मनस्विनीने केलेला चहा इतका गोड झाला, इतका गोड, की दुसऱ्या दिवशी खाडीवरच्या कोळणी तक्रार करत होत्या — मेलं आज समुद्राचं पाणी अळणी कसं लागतंय!