दुसरे हसू

जगदेवप्पा त्या दुपारी घराबाहेर पडले ते खडीसाखर आणायला. आज घसा स्वच्छ हवा होता. चिटगुप्प्याच्या बाजारात उन्हाचा ताव होता, दुकानदार गल्ल्यावर पेंगत होते आणि पंचाहत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ मात्र परीटघडीचे धोतर सावरीत, लग्नघरी निघाल्यासारखा झपाझप चालला होता.

“आज परत सांगणार म्हणं, अप्पा,” वाणी पुडी बांधता बांधता म्हणाला.

“सांगणार. केशव फुलारे गेला. त्याला निरोप कोण देणार? तुझा मोबाईल?”

केशव फुलारे म्हणजे मराठी चित्रपटांतील विनोदी नट. तो वारल्याची बातमी आली आणि सीमाभागातील म्हातारी माणसे घरचे कोणी गेल्यासारखी हळहळली. बंद पडलेल्या टॉकीजच्या मालकाचा नातू नागेश याने मग एक बेत आखला. टॉकीजचे आता तुरीचे गोदाम झाले होते. ते एका दुपारपुरते रिकामे करायचे, फुलाऱ्यांच्या गाजलेल्या भूमिकांचे तुकडे पडद्यावर दाखवायचे आणि जुन्या रिवाजाप्रमाणे जगदेवप्पांनी ते ‘सांगायचे’.

हा रिवाज त्या टॉकीजचाच होता. मराठी चित्रपट लागला की निम्म्या प्रेक्षकांना भाषा कळत नसे. म्हणून मराठी जाणणारे डावीकडे बसत आणि केवळ कन्नड जाणणारे उजवीकडे. विनोदी प्रसंग संपताच यंत्रावरचा माणूस आवाज बारीक करी आणि पडद्याशेजारच्या पायरीवर उभा असलेला तरुण जगदेवप्पा तोच प्रसंग माईकवरून कन्नडात रंगवून सांगे. त्यामुळे त्या टॉकीजमध्ये प्रत्येक विनोदाला दोनदा हसू येई. पहिले हसू फुलाऱ्यांचे, दुसरे जगदेवप्पांचे. सांगून झाले की ते श्वास रोखून थांबत, उजवीकडून हसू उसळले की हात वर करीत, आणि मगच चित्रपट पुढे सरके.

त्या उजव्या बाजूला जगदेवप्पांची बायको मल्लेश्वरी बसे. लग्न होऊन कलबुर्गीकडून आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पुढे ती बाजारात मराठीतून भांडण्याइतकी तरबेज झाली, तरी टॉकीजमध्ये तिने जागा बदलली नाही. “त्या माणसाचं काय ऐकायचंय? मला तुमच्याकडनं ऐकायचंय,” असे ती म्हणे. बाकीच्या भूमिकांना ती नुसती गालांत हसायची. एकाच भूमिकेला मात्र ती मोकळ्या गळ्याने हसे. त्या चित्रपटात फुलारे मेलेला असतो, पण त्याला ते ठाऊक नसते. घरभर हिंडत तो रुसून विचारत राहतो की आज मला कोणी चहा कसा देत नाही.

मल्लेश्वरीला जाऊन काही वर्षे झाली होती. तिचा चेहरा जगदेवप्पांना रोज आठवे. तिची चाल आठवे, तव्यावर भाकरी उलटण्याची तिची ढब आठवे. तिचे हसू मात्र आठवत नसे. छायाचित्रे पुष्कळ होती, पण तिच्या हसण्याचा आवाज कोणीच जपून ठेवलेला नव्हता. आज त्या पायरीवर उभे राहून तोच प्रसंग सांगितला तर कदाचित ते हसू मनात पुन्हा वाजेल, एवढी एकच आशा धरून ते निघाले होते.

टॉकीजमध्ये पाऊल टाकताच तुरीचा भुसा, ओलसर गोणपाट आणि वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास नाकात शिरला. दारे लावून घेतल्यावर अंधार असा दाटला की शेजारच्या माणसाचे नुसते डोळे दिसावेत. जमलेली माणसे डावीकडे बसली होती. आता सगळ्यांनाच दोन्ही भाषा येत होत्या, परंतु सवयीने पाय डावीकडेच वळले. उजवीकडे रिकाम्या गोण्यांच्या थप्प्या होत्या. तिकडची पिढी केव्हाच संपली होती.

मेहकरचा ग्यानबा अगदी पुढे, पायरीलगत बसला होता. दोघांची मैत्री तरुणपणापासूनची; मल्लेश्वरीला तो अक्का म्हणे. ग्यानबाचे हसू घोड्याच्या खिंकाळण्यासारखे, साऱ्या टॉकीजला ठाऊक असलेले.

“आवाज निघंल का रे म्हाताऱ्या?” त्याने विचारले.

“तुझे दात निघून गेले, पण माझा आवाज अजून जाग्यावर हाय.”

पहिला तुकडा लागला. बहिरा पोस्टमन तारेतला मजकूर ओरडून सांगतो आणि भलत्याच घरी रडारड सुरू होते. डावी बाजू खदखदली. जगदेवप्पांनी माईक तोंडाशी धरला आणि काय आश्चर्य, तरुणपणीचे शब्द आपण होऊन जिभेवर आले. सांगून झाले आणि जुन्या सवयीने ते थांबले.

वास्तविक थांबण्याचे काही कारण नव्हते.

पण उजवीकडून हसू आले.

आधी दबके, मग पसरत गेलेले. पत्र्याखाली आवाज घुमला असेल, असे इतरांना वाटले. जगदेवप्पांच्या अंगावर मात्र सरसरून काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. त्या हसण्यात उचकी लागल्यासारखा एक आवाज होता. हावगेप्पा कुंभार. त्याच्या तिरडीला त्यांनी स्वतः खांदा दिला होता.

आली आहेत. सगळी आली आहेत. त्यांची छाती आनंदाने धडधडू लागली. हावगेप्पा आला असेल, तर तीही आली असेल.

“लाव रे, नागेश, पुढचा लाव,” ते अधीर होऊन म्हणाले.

दुसऱ्या तुकड्यात गिऱ्हाइकाचे टक्कल पाहून हुंदके देणारा न्हावी होता. डावी बाजू पुन्हा हसली. जगदेवप्पा सांगत गेले, हातवारे करीत, घाम पुसत. दुसरे हसू आता जवळून आले, गोण्यांच्या पहिल्या रांगेतून. त्यात टाळ्या पिटीत हसणारा एक बायकी आवाज होता. गीताबाईचा.

जगदेवप्पांचा हात माईकवरच थिजला. गीताबाई तर जिवंत होती. डाव्या बाजूला, दुसऱ्या रांगेत बसली होती. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ओठ मिटलेले, हात मांडीवर निश्चल. आणि आता त्यांना आठवले, पहिल्या हसण्यात या वेळी तिच्या टाळ्या ऐकू आल्याच नव्हत्या.

तिसरा तुकडा. चुकीच्या मांडवात शिरून दुसऱ्याच वधूला हार घालणारा नवरदेव. डावीकडे हसू उठले, पण त्यात खिंकाळी नव्हती. जगदेवप्पांनी खाली पाहिले. ग्यानबा शून्य नजरेने पडद्याकडे पाहत होता. त्यांनी कसेबसे कन्नडातून सांगितले. सांगितले आणि थांबले… थांबायचे नव्हते, तरी थांबले…

उजवीकडून, गोण्यांमागून, ग्यानबाची खिंकाळी आली.

“अप्पा, आता शेवटचा,” नागेशचा आवाज मागून आला. “तो चहा मागणारा मेलेला. तुमच्या आवडीचा.”

ज्या क्षणासाठी त्यांनी सारी दुपार जीव टाकला होता, तो आता पुढ्यात उभा होता. एकदा सांगायचे, एकदा थांबायचे, आणि ती हसली असती. मनात नव्हे, तर इथे, दहा हातांवर. अंधारात बांगड्या किणकिणल्याचा त्यांना भासही झाला. पण प्रत्येक सांगण्यासरशी या बाजूचे एकेक माणूस त्या बाजूला जात होते, आणि ग्यानबा अर्धा तर गेलाच होता.

“नको,” ते म्हणाले. “बंद कर, नागेश. पुरे झालं.”

यंत्र बंद झाले. उरलासुरला उजेडही गेला. जगदेवप्पांनी माईक पायरीवर ठेवला, चाचपडत खाली उतरून ते ग्यानबाच्या शेजारी बसले आणि त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरला. हात गार होता, पण त्यांना धीर आला.

“कामून थांबलास?” ग्यानबाने हळूच विचारले.

“तुझ्यासाठी,” ते पुटपुटले. “बोलू नको… गप बस.”

अंधारात कोणीच बोलले नाही, हसले नाही. गोण्याही मुक्या होत्या. जगदेवप्पांच्या डोळ्यांना धार लागली होती. तिला परत पाठवले, आपल्याच तोंडाने… पण मित्र राखला. हात हातातून क्षणभरही न सोडता ते बसून राहिले. मग नागेशने दार लोटले आणि उन्हाचा पांढरा पट्टा जमिनीवर पडला.

माणसे बाहेर पडू लागली. ती सगळी डोळे पुशीत होती, हसून हसून थकलेली.

“अप्पा, शेवटचं काय सांगितलात ओ,” नागेश दारातून म्हणाला. “पोट दुखायलंय माझं.”

“मी… शेवटचं न्हाई सांगितलं,” जगदेवप्पा जागेवरूनच म्हणाले.

“असं कसं? तो चहाचाच सांगितलात की. आमच्या आजोबांच्या वेळी असंच सांगायचात म्हणं.”

तेवढ्यात बाहेर, लख्ख उन्हात, लिंबाच्या झाडाखालून ओळखीची खिंकाळी आली. ग्यानबा तिथे उभा होता. तांबड्या फेट्याच्या शेवाने तोंड पुसत तो आत वाकून पाहू लागला.

“ये की रे बाहेर,” तो हाक मारून म्हणाला. “कुणाची वाट बघायलास? अक्का किती हसली, ऐकलास का न्हाई? मी उजवीकडं, तिच्या शेजारीच की बसलो होतो.”

जगदेवप्पांना उठून उभे राहायचे होते. ते अर्धवट उठलेही. पण ग्यानबाचा समजून इतका वेळ मुठीत धरलेल्या हाताच्या गार बोटांनी त्यांचा तळवा अलगद दाबला आणि त्यांना पुन्हा खाली, अंधारात बसवून घेतले.