डोणीतलं हिरवं पाणी

"माझ्या बाबानं न्हाई घातलं विष!"

राणी इतक्या जोरात ओरडली, की हापशाभोवती जमलेली सगळी माणसं दचकून तिच्याकडे वळली. तेरा वर्षांची किडकिडीत पोरगी, पण मुठी अशा आवळलेल्या, की आता कुणाला तरी ठोसा बसणार!

समोर पार्वतीबाईच्या दोन शेळ्या मरून पडल्या होत्या. तिसरी गाभण होती. हापशाजवळच्या, जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीला टेकून ती कशीबशी उभी होती. तिचे पाय लटपटत होते.

"मग कुणी घातलं?" विश्वंभरनं विचारलं. तो अमृतरावांचा मुलगा, मुंबईहून दिवाळीला आलेला. "काल कपाशीवर फवारा कुणी मारला? मुंजाजीनं! पंप कुठं धुतला? या डोणीत!"

"पंप म्या वावरातच धुतला, दादा," मुंजाजी हळूच म्हणाला. "डोणीच्या जवळबी आलो न्हाई."

"आता असंच म्हणणार तू!"

कुणीतरी "बराबर हाय" म्हणालं. मग दुसराही म्हणाला. अमृतराव गावातले सगळ्यांत मोठे शेतकरी. ते बोलायला लागले तसे सगळे गप्प झाले.

"मुंजाजी, उद्यापासून गावात कुणाच्याच वावरात फवाऱ्याला जायचं न्हाई. आजच पोलीसपाटलाला सांगतो मी."

मुंजाजीनं मान खाली घातली. राणी पुन्हा तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "राणे, गप ऱ्हा."

राणीला सगळ्यांत जास्त राग आला तो याचाच! खरं बोलणाऱ्यानं काहून गप राहायचं?

जवळा बाजारहून मोटारसायकलवर आलेले जनावरांचे डॉक्टर शेळीच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे फवाऱ्याचं विष वाटत नाही मला. त्यानं तोंडाला फेस येतो, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. ही तर दारू प्यायल्यासारखी झुलतेय! त्या दोघी हे पाणी कधी प्यायल्या?"

"काल दिवस मावळायला," पार्वतीबाई डोळे पुसत म्हणाली. "ही घरीच बांधलेली व्हती. आज सकाळीच प्याली."

"म्हणजे हिला अजून वेळ आहे. नेमकं काय पोटात गेलं ते कळलं, तर वाचवू शकेन. नाही कळलं, तर अवघड आहे."

"फवाऱ्याचंच आहे हो, डॉक्टर! द्या इंजेक्शन!" विश्वंभर म्हणाला आणि घड्याळाकडे बघत निघून गेला.

राणीनं धाकट्या भावाचा, धम्मानंदचा हात धरला आणि त्याला गर्दीतून बाहेर ओढलं. मागोमाग पुनमही आली. पुनम राणीच्याच वर्गात होती आणि पार्वतीबाई तिची सख्खी काकू. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"तुलाबी वाटतं का, माझ्या बाबानं केलं?" राणीनं विचारलं.

"येडी का तू? वाटलं असतं तर तुझ्यामागं आले असते का?"

"मंग चला. डॉक्टर म्हणाले ना, नेमकं काय ते कळलं पाहिजे? आपण शोधू!"

तिघं डोणीच्या मागच्या बाजूनं वाकून बघू लागले. दगडाच्या कडेवर पोपटाच्या पिसासारखा हिरवागार ओघळ सुकला होता. धम्मानंदनं त्याला बोट लावलं.

"तायडे, चिकट हाय! वासबी गोडूस येऊन राहिला. चाटून बघू?"

फाट्! राणीनं त्याच्या हातावर चापट मारली. "मरायचंय का? धू आधी बोट!"

"मारते काहून? नुसतं विचारलं ना!" तो कुरकुरत हापशाकडे पळाला. हात धुऊन परत आला तो धावतच. "तिकडं पायवाटेवर अजून थेंब हायेत! हिरवेच!"

थेंब एका रेषेत सांडत गेले होते. ही रेष बाभळीखालून वळली आणि अमृतरावांच्या पत्र्याच्या शेडपाशी संपली.

आत विश्वंभरची मोटार होती. टोमॅटोसारखी लालभडक, दोनच दारांची, इतकी बुटकी, की गावात शिरताना प्रत्येक खड्ड्यात तिचं पोट घासलं होतं. शर्यतीची गाडी म्हणे! थंडीचे चार महिने विश्वंभर परदेशात जाणार होता. तोवर गाडी इथं झाकून ठेवायची, म्हणून चार दिवस शेडमध्ये ठोकठोक चालली होती. त्या चार दिवसांत गावातल्या एकाही पोराला त्यानं शेडच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं.

आज दार नुसतं लोटलेलं होतं. तिघं आत शिरले. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, सायलेन्सरात चिंधी कोंबलेली, अर्ध्या भागावर जाड कापड. कोपऱ्यात एक कॅन होता आणि त्याच्या तळाला थोडं हिरवं पाणी!

"सापडलं!" धम्मानंद ओरडणार, तेवढ्यात पुनमनं त्याचं तोंड दाबलं. बाहेर पावलं वाजली.

"तू बोलू नको," पुनम राणीच्या कानात कुजबुजली. "तुझा राग लगेच दिसतो. मी बोलते. तुमी दोघं गाडीच्या मागं दडा!"

दार उघडलं. विश्वंभर!

"ए, काय करतेस इथं?"

"दादा, तुमची गाडी बघायला आले!" पुनमचा आवाज साखरेसारखा झाला. "अशी गाडी हिंगोलीतबी न्हाई ना? पण हिला ठोकळ्यांवर काहून ठेवलं?"

विश्वंभरच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. गाडीबद्दल कुणी विचारलं, की त्याला राहवत नसे.

"चार महिने एका जागी उभी राहिली, तर टायर खालून चपटे होतात. म्हणून वर उचलली. बॅटरी सोडवून ठेवली. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आत गंज धरत नाही. उंदीर शिरू नयेत म्हणून ही चिंधी."

"बापरे! किती काळजी! आणि पुढं ते पाणी घालतात, त्याचं?"

"पाणी नाही ते, कूलंट! इंजिन थंड ठेवतं. जुनं काढलं, नवं भरलं."

"आणि जुनं हो?"

"काल हापशावर कॅन रिकामा करायला गेलो, तेव्हा ओतून दिलं डोणी..."

विश्वंभर थांबला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आपण काय बोललो, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं.

गाडीच्या मागं दडलेल्या राणीनं ओठ इतका चावला, की रक्ताची चव आली. तिच्या डोक्याच्या वर, उघड्या काचेतून, आरशाला लटकवलेला एक पुठ्ठा दिसत होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गाडी थंडीभर बंद ठेवताना'. खाली सही, 'नेमसिंग मेकॅनिक, वारंगा फाटा'. तिनं झरझर वाचलं. पाचव्या ओळीवर तिचे डोळे खिळले. तिनं पुठ्ठा खेचून काढला.

"कोण आहे तिकडं?" विश्वंभर ओरडला. धम्मानंद कॅन घेऊन पळायला लागला, पण विश्वंभरनं त्याची कॉलर धरली आणि कॅन हिसकावून घेतला. "चोरी करता काय रे? निघा इथून! हे काही कुणाला सांगाल तर बघा!"

त्यानं तिघांना बाहेर ढकललं आणि शेडला कुलूप लावलं. त्याला वाटलं, पुरावा आपल्याकडेच राहिला. पुठ्ठा राणीच्या ओढणीत होता!

"पळा!"

तिघं धापा टाकत हापशापाशी पोचले. गाभण शेळी आता खाली बसली होती.

"डॉक्टर, हे वाचा! मोठ्यानं वाचा!"

डॉक्टरांनी पुठ्ठा घेतला. "पाच. जुने कूलंट उघड्यावर ओतू नये. गोड असते, जनावर पिते आणि मरते. कॅन मला परत आणून द्यावा." त्यांनी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. "प्रत्येक ओळीपुढं लाल पेनानं बरोबरची खूण आहे. पाचव्या ओळीपुढंही!"

"ती खूण विश्वंभरदादानं केली!" राणी ओरडली. "त्यानं वाचलं, खूण केली, आणि तरीबी इथं ओतलं! गाडीला उंदीर लागू नये म्हणून चिंधी कोंबली, आणि आमी हात धुतो तिथं विष सांडलं! वरून माझ्या बाबाचं नाव घेतलं!"

"पोरगी काहीही बोलते!" मागून धावत आलेला विश्वंभर म्हणाला.

"मग शेड उघडा," पुनम म्हणाली. "कॅन दाखवा सगळ्यांना!"

अमृतरावांनी मुलाकडे बघितलं. त्यांनी हात पुढं केला. विश्वंभरनं खाली बघत किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"ते नंतर!" डॉक्टर ओरडले. "या विषावर मद्याचा उतारा चालतो. दारू आणा कुणीतरी, लवकर!"

सगळे पुरुष एकदम जमिनीकडे बघू लागले.

"आमच्या गावात दारू मिळतच न्हाई, साहेब," एकजण म्हणाला.

"आता खोटं बोलायची वेळ हाय का?" पार्वतीबाई कडाडली.

अमृतराव मुलाकडे वळले. "तुझ्या बॅगेतली बाटली आण. पळत जा!"

डॉक्टरांनी त्यातली दारू पाण्यात मिसळून नळीनं शेळीच्या पोटात सोडली, सलाईन लावलं. तास गेला, दोन तास गेले. पार्वतीबाईनं शेळीचं डोकं मांडीवरून खाली ठेवलंच नाही. दुपार कलताना शेळीनं कान हलवले आणि मग धडपडत उभी राहिली.

"वाचली!" डॉक्टर म्हणाले. "पण ही मी नाही वाचवली. या तिघांनी वाचवली. शाबास रे पोरांनो! आणि अमृतराव, या डोणीतलं पाणी हापशापासून दूर खड्डा करून पुरा."

अमृतराव राणीजवळ आले. "हुशार हायस, पोरी. गावाला तुझा अभिमान..."

"मला शाबासकी नको," राणी म्हणाली. "सकाळी सगळ्यांसमोर बाबाला बोललात. आता सगळ्यांसमोरच बोला."

मुंजाजी "राणे..." म्हणाला, पण पुढचं "गप ऱ्हा" त्यानं म्हटलं नाही.

अमृतरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "मुंजाजी, न विचारता तुला दोषी ठरवलं. माझं चुकलं. माफ कर."

विश्वंभर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं!" राणी म्हणाली.

"माझं चुकलं, मुंजाजीकाका."

"पार्वतीकाकूलाबी म्हणा!" धम्मानंद म्हणाला.

विश्वंभरनं तेही म्हटलं. पार्वतीबाईनं त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. ती मेलेल्या शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग अमृतरावांनी घरून कुदळ आणवली आणि ती मुलाच्या हातात दिली. दोन शेळ्या आणि डोणीभर पाणी, दोन्हींसाठी वेगवेगळे खड्डे हवे होते. काळी जमीन वाळून दगडासारखी झाली होती. विश्वंभरच्या हातांना फोड आले, पांढरा शर्ट घामानं आणि मातीनं भरला. गुडघाभर खणून झाल्यावर तो धापा टाकत थांबला आणि त्यानं वर बघितलं.

खड्ड्याच्या काठावर तिघं उभे होते.

"अजून खोल," राणी म्हणाली.