मिरची: रंगीत आणि कृष्णधवल

आबिड्समधल्या झेरॉक्सच्या दुकानात तो त्रिवेणीकडे डोळे बारीक करून बघत होता. मग मान तिरकी करून पुन्हा.

"क्या देख रे जी? आँखां कमजोर हैं क्या?" तिने दखनीत फटकारलं.

"आई गं…" तो पुटपुटला.

मराठी निघाला. म्हणजे आता मराठीतून झापणं आलं. पण त्याआधी तोच घाईघाईने म्हणाला, "तुम्हाला नाही हो! मागचं पोस्टर बघतोय. डोळे बारीक केले की रंग विझतात, नुसतं गडद-फिकं उरतं. आम्हा आर्टिस्टांची सवय…"

त्रिवेणी जास्तच चिडली. आपल्याकडे बघणाऱ्याला एक वेळ माफ करता येतं. पोस्टरकडे बघणाऱ्याला कसं करणार?

पुढच्याच आठवड्यात तो तिच्या टेबलासमोर उभा! ती वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात. तो, विकास, उदगीरहून येऊन एका जाहिरात एजन्सीत नुकताच चिकटलेला. देशात उदारीकरण आलं होतं, आणि बेगम बाजारातल्या प्रतापराव मिरचीवाल्यांनाही परदेशी कोलासारखी जाहिरात हवी होती. रविवारी रंगीत, सोमवारी तीच कृष्णधवल.

"जमली तर नोकरी पक्की," विकास म्हणाला. "नाहीतर उदगीर. काकांच्या दुकानाच्या पाट्या रंगवायला."

गडद हिरव्या पानांवर लालभडक मिरच्या. देखणं चित्र होतं. त्रिवेणीने त्याची झेरॉक्स काढून समोर ठेवली. सगळं एकसारखं काळपट.

"मिरच्या कुठायत?"

"पानांत… असतील."

"ही मेथीची जाहिरात झाली. माझ्यामागचं पोस्टर एवढं निरखलंत, स्वतःचं चित्र नाही का बघायचं?"

विकासचे कान मात्र कृष्णधवलमध्येही लाल दिसले असते.

"मिरच्यांखाली पांढरी थाळी काढा," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "उद्या आणा. मी पानावरची जागा धरून ठेवते."

सोमवारी तो दोन्ही अंक घेऊन आला. "मिरची दोन्हीकडे झोंबते म्हणाले प्रतापराव. नोकरी पक्की!"

"म्हणजे उदगीर नाही," त्रिवेणी म्हणाली. जरा जास्तच पटकन.

"एक सांगायचं होतं… त्या दिवशी तुमच्यामागं पोस्टर नव्हतं."

"ठाऊक आहे. नुसती भिंत आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आले."

"मुद्दाम?"

"छे! झेरॉक्स काढायची होती."

"कशाची?"

"…कोऱ्या कागदाची."

विकासने अंकाची घडी घातली, मग 'हो'साठी तिचाच दखनी शब्द उसना घेतला.

"म्हणजे मी… हौ समजू?"

"हौ."

सवयीने त्याचे डोळे बारीक झाले.

"आता काय बघतोस?"

"दोन्हीत टिकतं का ते."

"आणि?"

"रंग विझले, तरी तूच…"

"पुरे," ती हसली. "डोळे उघड की रे. रंगीत पान रोज नसतं."