एकाच नावाचा खण

शाकीबनं आळस केला, एवढंच. बडनेऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगसाठी हजेरीचं वेबपान पीएचपीत लिहिताना मजुरांची नीट यादी करायची सोडून त्यानं नावापुढे डॉलरची दोन चिन्हं ठोकली. फाटकावरच्या खुशालरावांनी नाव टाइप केलं, की त्याच नावाचं व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा खण, आपोआप तयार. जितकी नावं तितके खण. फक्त एकाच नावाचा दुसरा आला, की तो पहिल्याच्याच खणात बसायचा अन् पहिला पुसला जायचा.

"काका, बापाचं नाव बी टाकत जा," त्यानं बजावलं होतं.

"हौ, टाकतो ना," खुशालराव म्हणाले, अन् कधी टाकलं नाही.

२००६ चा हिवाळा. शेतं पडीक टाकून रोज नवी माणसं जिनिंगवर येत होती. सोमवारी दुसरा देवराव आला. दहा वाजून दहाला खुशालरावांनी त्याचं नाव टाकलं. दहा वाजून दहालाच जुन्या देवरावाचा हात रोलरात गेला अन् खांद्यातून उपटून निघाला. पांढऱ्या रुईवरचं रक्त पार छताच्या पत्र्याला लागलं. गुरुवारी दुसरा शालिकराम आला. जुना शालिकराम रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसमध्ये चेपला. त्याची एक चप्पल तेवढी बाहेर राहिली. दोघंही गेले. शाकीबनं वेळा ताडून पाहिल्या. दोन्ही खेपेला नवं नाव पडलं, त्याच मिनिटाला जुना गेला होता. त्याचा धाकटा भाऊ मुजम्मिल त्याच प्रेसवर होता.

शनिवारी सकाळी तो ते दोन डॉलर काढायलाच बसला. अम्मीनं गरम डबा समोर ठेवला. "तेरे भाई का डब्बा रह गया, दे आ."

तेवढ्यात फोन वाजला. खुशालराव.

"शाकीब, तुया भावाच्या नावाचा नवा गडी आला. नाव टाकून राहिलो."

"काका, थांबा. नका टाकू."

"टाकलं ना बाप्पा."

"पुसा. आधी ते नाव पुसा."

एक कळ वाजली. "घे, पुसलं."

शाकीब कानात प्राण आणून ऐकत राहिला. रोलर घरघरत होते. किंकाळी नव्हती. त्याला रडूच फुटलं.

डबा घेऊन तो जिनिंगवर धावला.

"मुजम्मिल कुठी आहे, काका?"

"कोन मुजम्मिल?"

"माया भाऊ. अन् आत्ताचा नवा गडी?"

"आज कोनीच नाई आलं, बाप्पा."

खण एकच होता; पुसला तो दोघांसकट. शाकीबनं घरी फोन लावला.

"अम्मी, मुजम्मिल घर आया क्या?"

"कौन मुजम्मिल, बेटा?"

हातातला डबा अजून गरम होता.