तिसरी सीडी

सावर्ड्याच्या बाजारपेठेत सहदेवचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि शिमग्यात गावोगावच्या पालख्यांचं शूटिंग, हा त्याचा धंदा. हल्ली सगळं मोबाइलवर जातं, पण म्हाताऱ्या माणसांच्या टीव्हीखाली जुना प्लेअर असतोच आणि त्यांना सीडीच लागते. मुंबईहून आलेला मुलगा म्हणतो, "आई, पेनड्राइव्ह घे." आई म्हणते, "ती काडी नको मला, मला माझी सीडी दे." असल्या आयांच्या जिवावर सहदेवचं सीडी बनवायचं यंत्र अजून चालू होतं.

सीडीच्या बाबतीत तो फार काटेकोर. सीडी बनली की लगेच डबीत घालायची नाही. यंत्राला ती पुन्हा वाचायला लावायची आणि मुळाशी ताडून बघायची. जरा जरी फरक निघाला तरी ती सीडी बाद. बाद सीडी चुकून कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून कात्रीने तिचे दोन तुकडे करायचे आणि टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. त्याची बायको दर्शना हसायची. "लोकांचे संसार मोडतात, त्याची कुणी खात्री करीत न्हाय, आणि तुमी सीडीची करताव!"

यंदाचा शिमगा सरला आणि एका दुपारी प्रेमला दुकानात आली. तिने पदराखालून एक सीडी काढली. कॅलेंडरच्या जुन्या कागदात नीट गुंडाळलेली.

"सहदेवभाऊ, ही अडकतेय. दुसरी काढून मिळंल?"

सहदेवने कागद उलगडला. सीडीवर त्याचंच अक्षर होतं. काही वर्षांपूर्वी प्रेमलाच्या घरी पालखी आली, तेव्हाचं शूटिंग. ते त्यानेच केलं होतं. त्याच्याकडची प्रत मागेच दुकानात पुराचं पाणी शिरलं तेव्हा गेली. उरली ती ही एकच.

त्या शूटिंगमध्ये अनिल होता. प्रेमलाचा नवरा, सहदेवचा शाळेपासूनचा मित्र. आधी लोट्याला कंपनीत होता, मग जयगडच्या एका मच्छीमार बोटीवर इंजिन सांभाळायला गेला. त्या शिमग्यानंतर बोट दर्यावर गेली ती परत आली नाही. कुणाचंच काही हाती लागलं नाही. अनिलची आई, आनंदीबाई, मुलाचं दिवसकार्य करू देईना. रोज दुपारी ती सीडी लावायची. अंगणात पालखी टेकलेली असते. गावचे मानकरी आप्पा देवाला गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले सगळे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतात. त्यांच्यामागून, एकटाच, जरा उशिरा, अनिलचा आवाज येतो. "व्हय महाराजा." तो आवाज ऐकला की आनंदीबाई जेवायला बसायची.

अनिल होताच तसा. शाळेत गुरुजींनी नाव पुकारलं की पुढच्या मुलाचं नाव घेईपर्यंत याचं "हजर" यायचं नाही. गुरुजी चिडायचे, वर्ग हसायचा. सगळ्यांच्या मागे राहायची ती सवय आता एका म्हातारीला जगवत होती.

"आता नेमकी ह्यांच्या आवाजाशीच अडकते," प्रेमला म्हणाली. "आई दोन दिस जेवल्या न्हाईत. मला वाटतं... जाऊ दे. मला काय वाटतं त्याला काय अर्थ? तेवढा आवाज तरी ऱ्हाऊ दे त्यांना."

"संध्याकाळपर्यंत देतो, वैनी," सहदेव म्हणाला. तिच्याकडे बघायचं त्याला जमलं नाही.

ती बाजार करायला गेली. सहदेवने सीडी मऊ फडक्याने पुसली आणि यंत्रात घातली. कुरकुरत, थांबत थांबत, पण सगळी संगणकात उतरली. त्यावरून त्याने नवी सीडी बनवली आणि ताडायला लावली. बहुतेक सगळं जुळलं, एका जागी जुळेना. कोरी सीडीच खराब असेल, म्हणून त्याने तिचे दोन तुकडे केले. दुसरी बनवली. पुन्हा त्याच जागी फरक. तीही कात्रीखाली गेली. मग त्याने कपाटातून वेगळ्या कंपनीची सीडी काढली. ही तिसरी.

तिसरीही तिथेच चुकली.

दुपारची वेळ. बाजार सुस्तावलेला, समोरच्या किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली. खाऱ्या पाण्याचा, ओल्या जाळ्यांचा वास आला. सावर्ड्यात समुद्र कुठला? सहदेवला वाटलं, मच्छीवाली गेली असेल दारावरून. त्याने कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. एकाच जागी तीनदा चूक होत असेल तर तिथे आहे तरी काय, ते ऐकावं म्हणून त्याने ती सीडी फळीवरच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली.

अंगण दिसलं. पालखी, गुलाल, हातात नारळ घेतलेला अनिल. आप्पांचा खणखणीत आवाज आला.

"बा देवा महाराजा, ह्या घरची जी लेकरं परगावी आसतील, दर्यावर आसतील, त्येंच्या पाठीशी ऱ्हा, त्येंना सुखरूप दारात आन रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

मग, उशिरा, अनिल. "व्हय महाराजा."

इथवर ठीक होतं. पण त्यापुढे तोच आवाज पुन्हा आला. चित्रातल्या अनिलचे ओठ मिटलेले होते.

"आये... दार..."

आणि तुटला.

हे मुळात नव्हतं. त्याने स्वतः शूटिंग केलं होतं, आवाज स्वतः लावला होता. त्याने मूळ सीडी प्लेअरमध्ये घातली. कुरकुरत का होईना, ती त्या जागेवरून पुढे सरकली. आप्पा बोलले. सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. अनिलचे ओठ हलले.

आवाज आला नाही.

त्याने पुन्हा लावलं. ओठ हलले, आवाज नाही. संगणकात उतरवून घेतलेल्या प्रतीतही तेच. अनिलचा आवाज मूळ सीडीवरून उठून गेला होता, आणि होता तो फक्त यंत्राने बाद ठरवलेल्या ह्या तिसऱ्या सीडीवर.

सहदेवने तिसरी सीडी बाजूला काढून ठेवली. आयुष्यभर तो एकच गोष्ट जपत आला होता, मुळात जे आहे तेच लोकांच्या हाती द्यायचं. आज मूळच मुकं झालं होतं. बरोबर सीडी द्यायची तर म्हातारी उपाशी मरणार. चुकीची द्यायची तर ते ऐकून तिचं काय होणार, देव जाणे. आणि पहिल्या दोन सीड्या? त्यांच्यावर काय होतं? त्याने डब्यातले तुकडे काढून जुळवून पाहिले. वेड्यासारखंच. तुटलेली सीडी कधी बोलते का? तुकडे परत डब्यात गेले.

प्रेमला परत आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगायला तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली, आणि तिसरी सीडी तिच्या हातात देत तो एवढंच म्हणाला, "वैनी, त्या जागी थोडा आवाज जास्तीचा आहे. घाबरू नका."

मित्राचा आवाज त्याच्या आईला पोचवला, यात वाईट ते काय? असं स्वतःला समजावत त्याने दुकान बंद केलं. रात्रभर मात्र त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

चार-सहा दिवस काहीच कळलं नाही. मग एका तिन्हीसांजेला वीज गेली. सहदेव दुकानातल्या अंधारात मेणबत्ती चाचपत असताना फोन वाजला. प्रेमला होती. आवाज अगदी हळू, पण खुशीत.

"भाऊ, आई जेवतात हो आता. दोन्ही वेळा. तुमच्या सीडीत ते म्हणाले ना, आये, दार... आईंनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, उघडायला सांगतोय लेक माझा."

सहदेवच्या हाताला मेणबत्ती लागली.

"आईंनी आता सीडी बंद केलीय. रोज दिवा लागला की त्या स्वतःच गाऱ्हाणं घालतात, दाराशी बसून. पहिले दोन दिवस काय न्हाय. पण कालपास्नं..." ती थांबली. "कालपास्नं अंगणातनं उत्तर येतंय, भाऊ. त्यांचाच आवाज. मी पण ऐकला. मला आधी भ्या वाटलं. आता न्हाय वाटत. एवढी वर्षं मी त्यांना मेलेलंच धरून चालले होते... थांबा, आयका, आई बसल्यायत."

तिने फोन पुढे धरला असावा. आनंदीबाईचा कापरा आवाज आला.

"बा देवा महाराजा... दर्यावर माझं लेकरू आसंल... त्येला सुखरूप दारात आन रे महाराजा..."

"व्हय महाराजा."

शब्द संपतो न संपतो तोच आलं. अनिलचाच आवाज, जवळून, स्वच्छ.

"आयकलंत?" प्रेमला हसत होती की रडत होती, कळेना. "बगा, आता अजिबात उशीर न्हाय. आई बोलायचा अवकाश, की लगेच!"

सहदेवच्या हातातली मेणबत्ती खाली पडली. शाळेत, खळ्यात, अंगणात, स्वतःच्या लग्नात नाव घ्यायच्या वेळीसुद्धा, अनिलने कधी वेळेवर उत्तर दिलं नव्हतं. एकदाही नाही. हा आवाज अनिलचा होता, पण उत्तर देणारा अनिल नव्हता. जुळत नव्हतं.

"वैनी! दार उघडू देऊ नका! त्यांना धरा, वैनी, आधी त्यांना मागं घ्या!"

"काय म्हणताव? आई... भाऊ, त्या उठल्या पण..."

फोनमध्ये कडी वाजली. जुन्या दाराची, जड, लोखंडी. दार करकरत उघडलं.

"व्हय महाराजा," अंगणातून आलं. या वेळी कुणी गाऱ्हाणं घातलंच नव्हतं.

मग फोन कट झाला. सहदेवने पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. दुकानात मिट्ट काळोख आणि ओल्या जाळ्यांचा तो वास. हातातून निसटलेली गाडीची किल्ली शोधायला तो टेबलाखाली वाकला, तेव्हा पत्र्याच्या डब्यात काहीतरी हललं. कापलेल्या सीड्यांच्या तुकड्यांतून, कितीतरी दुरून, सगळ्यांच्या मागून नेहमीसारखाच उशिरा, अनिलचा आवाज आला.

"...उघडू नको."